अकरा वर्षांच्या मुलीने ओठांवरचे केस काढावेत का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलगी ११ वर्षांची, सहावीत. वर्गातली मुलं तिला ‘मिशीवाली’ म्हणून चिडवतात. मागच्या आठवड्यात तिने बाथरूमचं दार लावून घेतलं आणि बाबांच्या रेझरने ओठांवरचे केस काढले, त्यात थोडं कापलंही. सासूबाई म्हणतात, आता राठ मिशा फुटणार. पार्लरमधल्या ताई म्हणतात, चौदाच्या आत आम्ही हात लावत नाही. आणि तुमच्या बहिणीने तर तिच्या मुलीचं वॅक्सिंग नवव्या वर्षीच सुरू केलं. धाकटी ८ वर्षांची आहे, तिच्या हातापायांवरही लव आहे, तिचं काय करायचं हेही तुम्ही विचारलं आहे.

मी त्वचारोगतज्ज्ञ आहे, सांगलीत दवाखाना चालवते. हा प्रश्न माझ्याकडे वर्षभर येतो, पण गॅदरिंगच्या आधी आणि मे महिन्याच्या सुट्टीत जास्त येतो. माझं मत सुरुवातीलाच सांगते. यासाठी ठरावीक असं वय नाही. मुलीला स्वतःला त्या केसांचा त्रास होत असेल आणि ती आपणहून मागत असेल, तर ११ हे वय लहान नाही. तिने मागितलंच नसेल, तर १५ व्या वर्षीही घाई करायचं कारण नाही. मात्र दोन्ही वेळा एक गोष्ट आधी पाहायची असते: हे केस तिच्या वयाला आणि घराण्याला धरून आहेत, की आत काही बिघडल्याची ती खूण आहे. चौदा, सोळा, दहावीनंतर, लग्न ठरल्यावर अशा ज्या मर्यादा लोक सांगतात, त्यातल्या एकीलाही वैद्यकीय आधार नाही.

आधी रेझरची भीती काढून टाकू, कारण तुम्ही सगळे आत्ता त्याच काळजीत आहात. केसाचं मूळ त्वचेच्या आत असतं. रेझर त्या मुळापर्यंत पोहोचतच नाही. मुळं किती असणार हे बाळ पोटात असतानाच ठरलेलं असतं, नंतर नवीन तयार होत नाहीत. केस किती जाड यायचा, किती काळा यायचा, किती वेगाने वाढायचा हे आनुवंशिकता आणि हार्मोन्स ठरवतात. मिल्ड्रेड ट्रॉटर या अमेरिकन शरीररचनाशास्त्रज्ञ बाईंनी १९२८ मध्ये दाढीचे केस मोजूनमापून दाखवलं होतं की वस्तऱ्याने केसांच्या जाडीत किंवा वेगात फरक पडत नाही. त्यानंतरही जेव्हा जेव्हा हे तपासलं गेलं, तेव्हा तेच दिसलं. मग राठ का लागतात? कधीही न कापलेल्या केसाचं टोक निमुळतं आणि मऊ असतं. कापल्यावर ते बोथट होतं. ज्वारी कापल्यावर रानात उरलेली धसकटं पायाला टोचतात, पण म्हणून ताट जाड झालेलं नसतं, तसंच हे. सासूबाईंना हे सांगताना त्यांना खोटं पाडू नका. त्यांनी जे पाहिलं ते खरंच आहे: त्यांच्या ओळखीतल्या मुलीने बाराव्या वर्षी रेझर लावला आणि पंधराव्या वर्षी केस दाट झाले. फक्त ते रेझरमुळे नाही, बारा ते पंधरा या वयामुळे झाले. रेझर लावला नसता तरी तितकेच आले असते.

हे वय काय करतं ते समजून घ्या, म्हणजे पुढचं सगळं सोपं होईल. साधारण ६ ते ८ वर्षांच्या सुमारास मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथी थोड्याथोड्या प्रमाणात पुरुषी म्हणवली जाणारी हार्मोन्स बनवायला लागतात. ती मुलींमध्येही असतात आणि असायलाच हवीत. आधी घामाला मोठ्या माणसासारखा वास येतो, चेहरा तेलकट होतो, मग पुढच्या काही वर्षांत काखेत आणि जांघेत केस येतात. त्याच दरम्यान अंडाशयही जागे होतात, छातीची वाढ सुरू होते, उंची झपाट्याने वाढते, आणि छातीची वाढ सुरू झाल्यापासून साधारण दोन-अडीच वर्षांनी पाळी येते. ओठांवरची लव काळपट दिसायला लागते ती बहुतेक याच टप्प्यात. लव जन्मापासून होतीच, ती आता थोडी लांब आणि गडद झाली. आपल्याकडे केस काळे आणि त्वचा गव्हाळ ते सावळी असल्याने ती अधिक उठून दिसते. आई, मावशी, आत्या यांचे शाळेतले फोटो काढून बघा. बहुतेक घरांत तिथेच उत्तर सापडतं.

काही मुलींना कपाळावर, कानांपुढे कल्ल्यांसारखी, गालांवर, पाठीवर सगळीकडेच लव असते, अगदी लहानपणापासून. यात हार्मोन्सचा काही दोष नसतो. ही घराण्याची ठेवण आहे, रक्ततपासण्या करून काही निघत नाही. याउलट हनुवटी, जबड्याची कड, छातीचा मध्य, बेंबीखालची रेषा, पाठीचा खालचा भाग, अशा पुरुषांना येतात त्या जागी जाड, काळे, वळणारे केस यायला लागले, तर लक्ष द्यायचं. डॉक्टर हे केस मोजण्यासाठी जी गुणपद्धत वापरतात ती १९६१ मध्ये फेरिमन आणि गॅलवे यांनी पंधरा वर्षांवरच्या बायकांना पाहून तयार केली होती. त्यामुळे ११ वर्षांच्या मुलीला त्या तक्त्यात बसवून ‘स्कोअर जास्त आहे’ असं कोणी म्हणालं, तर घाबरून जाऊ नका. या वयात तक्त्यापेक्षा केस किती वेगाने बदलताहेत हे महत्त्वाचं.

तुमच्या मुलीत खालीलपैकी काही असेल, तर केस काढण्याचा विषय बाजूला ठेवून आधी डॉक्टरांकडे जा. आठव्या वर्षाच्या आत जांघेत किंवा काखेत केस आले असतील, किंवा छातीची वाढ सुरू झाली असेल. मागच्या काही महिन्यांतच चेहऱ्यावर आणि अंगावर भराभर जाड केस आले असतील. आवाज घोगरा झाला असेल, डोक्यावरचे केस कपाळाच्या बाजूने विरळ होत असतील, योनीच्या वरच्या बाजूचा छोटा दाण्यासारखा भाग (क्लायटोरिस) मोठा झाल्यासारखा वाटत असेल. हे शेवटचं आयांनी बोलायला लाजू नये. अशा वेळी अंडाशयात किंवा अधिवृक्क ग्रंथीत गाठ नाही ना हे लवकर पाहावं लागतं. हे क्वचितच असतं, पण असतं तेव्हा वेळ महत्त्वाचा असतो. अधिवृक्क ग्रंथींचा एक जन्मजात पण उशिरा दिसणारा दोषही असतो, त्याची शंका आली तर सकाळी लवकर रक्त घेऊन १७-हायड्रॉक्सीप्रोजेस्टेरॉन नावाचं हार्मोन तपासतात. आणि मानेच्या मागे, काखेत जाडसर, मखमली काळेपणा आला असेल तर तो मळ नाही. तो घासून घासून मुलींची मान सोलवटलेली मी पाहते. शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नसल्याची ती खूण असते. तिथे स्क्रब चालत नाही, जेवणखाण, खेळ आणि साखरेची तपासणी लागते.

‘पीसीओडी, म्हणजे हार्मोन्स बिघडून पाळी अनियमित होण्याचा आजार, असेल का?’ हा तुमचा पुढचा प्रश्न असणार, कारण आता प्रत्येक आईचा असतो. पाळी सुरू झाल्यावर पहिलं वर्षभर ती पुढेमागे होणं स्वाभाविक आहे. पहिल्या वर्षानंतर तिसऱ्या वर्षापर्यंत २१ ते ४५ दिवसांचं चक्र चालतं. त्याबाहेर सतत जात असेल, किंवा एक वर्ष उलटल्यावरही एखादं चक्र ९० दिवसांपेक्षा लांबलं, किंवा पंधराव्या वर्षापर्यंत पाळीच आली नाही, तर दाखवायचं. २०२३ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार किशोरवयीन मुलीला हे निदान द्यायचं तर अनियमित पाळी आणि पुरुषी हार्मोन्स जास्त असल्याची लक्षणं, दोन्ही हवीत. आणि पाळी सुरू होऊन आठ वर्षं होईपर्यंत सोनोग्राफीच्या आधारावर हे निदान करायचं नाही, कारण या वयात निरोगी अंडाशयातही भरपूर छोट्या पिशव्या दिसतात. तरीही तेरा वर्षांच्या मुली सोनोग्राफीचा कागद घेऊन येतात, त्यावर मोठ्या अक्षरांत निदान छापलेलं असतं आणि ती पोर आईला विचारत असते, मला मूल होणार नाही का. मला याचा राग येतो. तुमच्या मुलीची पाळी अजून आलेली नाही असं तुम्ही लिहिलं आहे. तिच्या बाबतीत फक्त ओठांवरची लव आहे, बाकी वाढ क्रमाने चालली आहे. तिला आज कुठलीही तपासणी लागत नाही.

एक कारण मात्र घरोघरी असतं आणि कोणी सांगत नाही. तिच्या चेहऱ्यावर गोरं होण्यासाठी, पुटकुळ्यांसाठी किंवा डागांसाठी कुठलं मलम लावत असाल तर त्याची ट्यूब उलटी करून वाचा. बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन अशी नावं दिसली तर ते स्टिरॉइड आहे. काही महिने लावलं की त्वचा पातळ होते, लाल होते, आणि जिथे लावलं तिथे लव वाढते. २०१८ मध्ये सरकारने अशी बरीचशी मलमं चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली, पण मेडिकलमध्ये नाव सांगितलं की ती अजून मिळतात, आणि शेजारणीने दिलेली अर्धी ट्यूब तर चिठ्ठी मागतच नाही. असं मलम चालू असेल तर केस काढण्याआधी त्वचारोगतज्ज्ञांना दाखवून ते बंद करायचं. एकदम बंद केलं तर चेहरा भडकतो, म्हणून विचारून. तसंच फिट्सच्या काही गोळ्या, विशेषतः फेनिटॉइन, आणि टक्कल पडू नये म्हणून लावायचं मिनॉक्सिडिल यांनीही केस वाढतात. घरात बाबा मिनॉक्सिडिल लावत असतील तर मुलांशी कपाळाला कपाळ लावून खेळू नये, उशी वेगळी ठेवावी. फिट्सची गोळी मात्र केसांसाठी कोणी स्वतःहून बंद करायची नाही.

आता मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा भाग. केस काढायची इच्छा कोणाची आहे?

माझ्याकडे येणाऱ्या लहान मुलींपैकी बऱ्याच जणी स्वतःहून आलेल्या नसतात. मामाच्या लग्नाचे फोटो असतात, भरतनाट्यमचा कार्यक्रम असतो, किंवा कोणी काकू म्हणालेली असते, ‘अगं हिचं काहीतरी करा.’ आई माझ्यासमोर मुलीची हनुवटी वर उचलते, उजेडाकडे वळवते आणि दाखवते. त्या क्षणापर्यंत आपल्या ओठांवर काही वाईट आहे हे त्या मुलीच्या गावीही नसतं. तिला ते माझ्या टेबलासमोर कळतं, आईच्या तोंडून. म्हणून मी आधी मुलीशी बोलते. ‘तू कशासाठी आलीस?’ हा एकच प्रश्न. ‘आईने आणलं’ असं उत्तर आलं, तर मी काहीही करत नाही आणि आईला सांगते की घरी हा विषय तुमच्याकडून काढू नका. आयांना हे लागतं, मला कळतं. त्यांना त्यांच्या शाळेतलं चिडवणं आठवत असतं आणि मुलीला त्यातून वाचवायचं असतं. पण चिडवणं येण्याआधीच घरातून ते ऐकवलं तर वाचवणं होत नाही.

तुमची गोष्ट वेगळी आहे. तुमच्या मुलीने मागितलं नाही, थेट केलं. दार लावून केलं, म्हणजे मागितलं तर नाही म्हणतील याची तिला खात्री होती. ओठावरची जखम भरून येईल. पण यापुढे ती हे लपून करणार की तुमच्यासमोर, हे या आठवड्यातल्या तुमच्या बोलण्यावर ठरेल. ‘एवढ्यात कशाला तुला नटायचं’ हे वाक्य टाळा. ती नटत नव्हती, तिला वर्गात शांतपणे बसायचं होतं. ‘तू जशी आहेस तशीच सुंदर आहेस’ हेही आत्ता पुरेसं नाही. ते खरं आहे आणि रोज म्हणावं, पण तिने अडचण सांगितल्यावर उत्तर म्हणून म्हटलं तर तिला वाटतं की आईला कळलंच नाही. तिला विचारा: तुला हे केस काढावेसे वाटतात का, की मुलांनी चिडवणं थांबावं असं वाटतं? दोन्ही असेल. मग दोन्ही कामं वेगवेगळी करायची. केस काढायला मदत तुम्ही करायची, आणि चिडवण्याबद्दल वर्गशिक्षिकेशी जाऊन बोलायचं, मुलांची नावं घेऊन. केस काढले की चिडवणं आपोआप थांबेल असं धरून चालू नका. उद्या ‘हिने दाढी केली’ म्हणून चिडवतील. उत्तर प्रदेशात २०२४ मध्ये बोर्डाच्या दहावीच्या परीक्षेत राज्यात पहिली आलेल्या मुलीच्या फोटोखाली हजारो मोठ्या माणसांनी तिच्या ओठांवरच्या केसांवर लिहिलं. हा दोष त्या मुलीच्या चेहऱ्याचा नव्हता, लिहिणाऱ्यांचा होता. तुमच्या मुलीला हे स्वच्छ शब्दांत सांगा: केस काढणं ही तुझी सोय आहे, तुझ्यात काही चुकलंय म्हणून नाही. आणि कंटाळा आला तर कधीही सोडून दे.

ती हो म्हणाली तर पद्धत कोणती? ९ ते १३ वर्षांच्या मुलीसाठी माझी पहिली पसंती चेहऱ्यासाठी मिळणाऱ्या बॅटरीच्या छोट्या ट्रिमरला आहे. त्याचं पातं थेट त्वचेला लागत नाही, दुखत नाही, कापत नाही. केस अगदी मुळाशी जात नाहीत, पण समोरच्याला दिसेनासे होतात, आणि मुलीला तेवढंच हवं असतं. त्यानंतर चेहऱ्यासाठीचा छोटा, जाळीचं संरक्षण असलेला रेझर. बाबांचा दाढीचा नको. तो मोठा असतो, ओठांच्या वळणावर बसत नाही, आणि एकमेकांचा रेझर वापरल्याने जंतुसंसर्ग होतो. पहिल्या दोन-तीन वेळा तुम्ही करा, ती आरशात पाहू दे, मग तिच्या हातात द्या. चेहरा धुऊन कोरडा करायचा. रेझर असेल तर थोडं कोरफडीचं जेल किंवा साधं मॉइश्चरायझर लावायचं. वरचा ओठ दातांवर ताणून धरायचा, केस ज्या दिशेला झुकतात त्याच दिशेने हलक्या हाताने फिरवायचं, एकाच जागी पुन्हा पुन्हा नाही. नंतर गार पाणी आणि थोडं व्हॅसलीन. रात्री करायचं, सकाळी शाळेच्या घाईत नाही. केस आठवड्याभरात पुन्हा जाणवायला लागतील, हे तिला आधीच सांगून ठेवा, नाहीतर तिला वाटेल की आजी म्हणाली तेच खरं झालं.

करण्याआधी चेहरा उजेडात नीट पहा. या वयात मुलांना मोत्यासारखे पाणीदार फोड, ज्यांना आम्ही मोलस्कम म्हणतो, आणि चपट्या चामखिळी फार होतात. दोन्ही विषाणूंमुळे होतात, आणि रेझर किंवा दोरा त्यांच्यावरून फिरला की रेषेत पसरतात. ओठांवर ताप उठून फोड आलेले असतील तेव्हाही थांबायचं. पुटकुळ्यांसाठी अ‍ॅडापॅलीनसारखं मलम चालू असेल तर वॅक्स अजिबात नाही, कातडी सोलून येते. आणि तिला किंवा घरात जवळच्या कोणाला कोड असेल तर ओढण्या-उपटण्याच्या पद्धती टाळा. कोड असणाऱ्यांना जिथे इजा होते तिथे नवा पांढरा डाग उठू शकतो. ट्रिमर तिथेही चालतो.

थ्रेडिंग वाईट नाही, पण ११ वर्षांच्या मुलीसाठी पहिल्यांदाच ते नको. ओठांवर ते खूप दुखतं, डोळ्यांतून पाणी येतं, आणि सावळ्या त्वचेवर बारीक पुरळ उठून मागे डाग राहतात. ती १३-१४ ची झाली, तिला दुखणं माहीत आहे आणि तरी तिला दोन-तीन आठवडे टिकणारं काही हवं आहे, तर जरूर करा. फक्त दोरा ताजा रिळातून काढलेला हवा आणि दोऱ्याचं टोक ताईंनी दातात धरायचं नाही, गळ्याभोवती अडकवायचं. हे सांगताना संकोच करू नका. चांगल्या पार्लरमध्ये आता तसंच करतात. भुवयांबाबत एवढंच: मधे जुळलेल्या असतील आणि तिला त्रास होत असेल तर मधले केस ट्रिमरने काढा. भुवयांना आकार देऊ नका. वर्षानुवर्षं उपटलेल्या भुवया कधीकधी विरळच राहतात, आणि तिचा चेहरा अजून घडतोय.

चेहऱ्याचं गरम वॅक्स मी सोळाच्या आत करू देत नाही. भाजलेले वरचे ओठ आणि त्यावर महिनोन्‌महिने राहणारे तपकिरी पट्टे मी खूप पाहिले आहेत. ब्लीचही नको. त्यात हायड्रोजन पेरॉक्साइड आणि अमोनिया असतो, कोवळ्या त्वचेची आग होते, आणि गव्हाळ चेहऱ्यावर सोनेरी केस काळ्यापेक्षा जास्त चमकतात. केस काढायच्या क्रीममधली रसायनं केसातलं केराटिन नावाचं प्रथिन विरघळवतात, आणि त्वचेच्या वरच्या थरातही केराटिनच असतं. त्यामुळे वापरायचीच तर चेहऱ्यासाठी लिहिलेली, आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून एक दिवस वाट पाहून, आणि डब्यावरच्या वेळेपेक्षा एक मिनिटही जास्त नाही. बाजारात सुटी किंवा स्वस्त मिळणारी केस काढायची पावडर घरात ठेवूच नका. अशा काही पावडरींत बेरियम सल्फाइड असतं, ते लहान मुलाच्या पोटात गेलं तर जिवावर बेततं.

मसूर डाळीचं पीठ, हळद, कणकेचा गोळा याबद्दल प्रत्येक आजी विचारते. बाळाला न्हाऊमाखू घालणारी बाई कणकेचा गोळा फिरवायची आणि लव जायची, हे त्यांनी पाहिलेलं असतं. नवजात बाळाच्या अंगावरची ती लव पहिल्या काही आठवड्यांत आपोआपच गळते. अकरा वर्षांच्या मुलीच्या ओठांवर पीठ चोळून केस जात नाहीत, ओठांच्या कडा मात्र काळवंडतात. आजीच्या हातचं डाळीचं पीठ हातापायांना लावू द्या, त्यात प्रेम आहे. चेहऱ्यावर घासणं नको.

लेझरबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण कोणीतरी सुचवेलच, म्हणून लिहिते. लेझर केसातला काळा रंग शोधून मुळाला उष्णता देतं. त्याला जाड, काळा केस लागतो. मऊ लवेवर ते काम करत नाही, उलट आपल्यासारख्या त्वचेवर, विशेषतः गाल, जबडा आणि मानेवर, लेझरनंतर लव दाट झाल्याचीही उदाहरणं आहेत. शिवाय तिची हार्मोन्स अजून बदलणार आहेत. आज एका मुळाचा बंदोबस्त केला तरी शेजारची लव पुढच्या वर्षी जाड होणार, मग पुन्हा खर्च. पाळी नियमित होऊन दोन-तीन वर्षं झाली, केस खरोखर जाड आहेत, आणि सोळा-सतरा वर्षांची मुलगी स्वतः समजून उमजून मागतेय, तर मी करते. तेही सावळ्या त्वचेला चालणाऱ्या एन-डी याग किंवा डायोड लेझरने, चार ते सहा आठवड्यांच्या अंतराने सहा-आठ बैठका, आणि ‘कायमचं’ हा शब्द न वापरता. त्यानंतरही अधूनमधून एखादी बैठक लागते. शाळकरी मुलींसाठी पॅकेजच्या जाहिराती देणाऱ्या ठिकाणी मशीन कोण चालवतं, डॉक्टर समोर असतात का, हे विचारून पाहा. केसांची वाढ मंदावणारं एफ्लॉर्निथिनचं मलम आहे, तेही बारा वर्षांखाली देत नाहीत, आणि लावणं थांबवलं की दोन महिन्यांत केस पहिल्यासारखे.

बाबांनाही यात घ्या. ते रोज सकाळी दाढी करतात आणि त्याबद्दल घरात कोणी काही बोलत नाही. रेझर कसा धुवायचा, पातं कधी बदलायचं, हे मुलीला त्यांनी शिकवलं तर तिच्या मनातली निम्मी लाज तिथेच जाते. घरात याची चर्चा पाहुण्यांसमोर करू नका, बहिणीला फोनवर सांगू नका. ट्रिमर तिच्या कप्प्यात ठेवा, कंगव्याशेजारी.

धाकटीच्या हातापायांना हात लावू नका. ‘आत्तापासून वॅक्स केलं तर मुळं कमजोर होऊन पुढे केस कमी येतील’ असं तुमच्या बहिणीला सांगितलं गेलं असेल, पण आठव्या-नवव्या वर्षी उपटलेल्या लवेने पुढे यौवनात येणाऱ्या केसांवर काहीही परिणाम होत नाही. त्या वयातल्या वॅक्सने फक्त दुखतं, आणि त्वचेखाली अडकून वाढणारे केस व पुळ्या मागे राहतात. ती अजून काही म्हणालेली नाही ना? मग विषय काढायचा नाही. पण ताईला ट्रिमर वापरताना ती बघेल आणि ‘मलापण’ म्हणेल, हे नक्की. तेव्हा तिला सांगा की ताईला नको होते म्हणून ताईने काढले, तुला कधी नकोसे वाटले तर मला सांग, मी मदत करेन. आणि तिच्या घामाला आत्ताच मोठ्यांसारखा वास येतो का, काखेत किंवा जांघेत केस दिसतात का, आणि वर्षभरात तिची उंची बाकीच्या मुलींपेक्षा एकदम जास्त वाढली आहे का, एवढं अंघोळीच्या वेळी सहज पाहून ठेवा. यातलं काही दिसलं तर पार्लरमध्ये नाही, बालरोगतज्ज्ञांकडे जायचं, आणि जाताना मागच्या दोन-तीन वर्षांच्या उंची-वजनाच्या नोंदी शाळेच्या आरोग्य तपासणीच्या कार्डावरून उतरवून न्यायच्या.